त्याआधीची दहा मिनिटं

स्टीलच्या पेल्याची कड माझ्या डाव्या भुवईत घुसली तेव्हा आधी आवाज ऐकू आला, दुखलं नंतर. डोळ्यात रक्त उतरलं आणि त्या लालसर धुक्यातून मला हे दिसले. हे म्हणजे माझे यजमान. पेला हातात तसाच, शर्टावर पाणी सांडलेलं, आणि चेहरा असा की जणू मीच त्यांच्यावर धावून गेले होते.

"बाजूला हो," ते ओरडले. "बाजूला हो म्हटलं ना!"

आमच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली होती. त्या पन्नास वर्षांत त्यांनी माझ्यावर हात उगारला नव्हता. दुसऱ्यांवर उगारला होता, ते पुढे येईलच.

पाच टाके पडले. दवाखान्यात मी सांगितलं, न्हाणीघरात घसरले. पंधरा दिवसांनी खांदा निखळला तेव्हाही न्हाणीघर. मग कोपर, मग ओठ. समोरच्या घरातल्या वहिनी माझी भाजीची पिशवी वर आणून देताना म्हणाल्या, "तुमच्या न्हाणीघराला जीव आहे की काय? सारखं तुम्हालाच पाडतं. तुमच्या यजमानांना बरं कधी पाडत नाही."

मी हसले. ओठाचा टाका ताणला गेला आणि हनुवटीवर रक्ताचा ओघळ आला. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी त्याच दुपारी माझ्या मुलाला फोन केला.

मुलगा दुसऱ्या दिवशी आला. दारातच त्यानं माझ्या गळ्याला गुंडाळलेला मफलर सोडवला.

"हे काय आहे, आई?"

"मफलर घट्ट बसला होता."

"मफलरला पाच बोटं असतात?"

हे खुर्चीत बसून त्याच्याकडे टक लावून बघत होते. "वीज खात्याचा माणूस आलाय का?" त्यांनी मला विचारलं. मुलगा स्वयंपाकघरात गेला, नळ सोडला आणि बराच वेळ नळ चालूच राहिला.

त्यानंच आम्हाला विस्मृतीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. वयानं माझ्या नातीसारखी, पण नजर पक्की. ह्यांना तपासून तिनं बाहेर बसवलं आणि मला म्हणाली, "आजी, यांना घरी ठेवायचं की बंद वॉर्डात, हे मला ठरवायचंय. पण तुमच्याकडे बघून ठरवता येत नाही. तुम्ही फार छान खोटं बोलता."

"शिकलेय थोडंफार," मी म्हणाले.

"मग लिहून आणा. प्रत्येक वेळी काय झालं ते. तीन आठवड्यांनी या. बोलताना माणूस सारवासारव करतो, लिहिताना तेवढी जमत नाही."

तिला माझं पूर्वीचं काम माहीत नव्हतं, म्हणून ती असं म्हणाली.

परत निघताना मी मुलाला सांगितलं की मला तो बंद वॉर्ड बघायचाय. दाराला बाहेरून कुलूप, मधे जाळीची काच. काचेतून एक म्हातारा दिसला. त्याची दोन्ही मनगटं रुंद पट्ट्यांनी पलंगाच्या दांड्यांना बांधलेली होती. तो सुटायला धडपडत नव्हता. फक्त बोटं हलवत होता, पाण्यातून काहीतरी शोधावं तशी. ह्यांनी माझ्या खांद्यावरून डोकावून बघितलं आणि माझा हात इतका आवळला की बांगडी फुटून मनगटात रुतली.

म्हणजे माझ्यापुढे हे होतं. सगळं खरं लिहिलं तर ह्यांचे हात त्या दांड्यांना. लपवलं तर एक दिवस समोरच्या वहिनींना स्वयंपाकघरातल्या फरशीवर मी सापडणार. मुलाचं मत पक्कं होतं: "आई, मला दोघं हवे आहात. ते जमणार नसेल तर निदान एक तरी जिवंत हवं."

मी दोनशे पानी वही आणली आणि जेवणाच्या टेबलाशी बसले. पहिली चार पानं मी त्यांना शिव्या दिल्या. जनावर म्हटलं, कसाई म्हटलं. भुवईतून किती रक्त गेलं, जीभ दाताखाली येऊन कशी फाटली, केस उपटल्यावर टाळूला कशी आग झाली, सगळं सविस्तर. लिहिताना बरं वाटलं, हे लपवत नाही. पण पाचव्या पानावर थांबून मी मागचं वाचलं आणि मला माझीच लाज वाटली. त्यांना शिव्या दिल्याची नव्हे. काम इतकं वाईट केल्याची.

एकतीस वर्षं मी अपघात लिहिले होते. पत्र्याच्या डब्यांची झाकणं बनवणारा कारखाना, आणि मी तिथली अपघात नोंदीची कारकून. कापलेलं, चिरडलेलं, भाजलेलं, जे काही होईल ते माझ्या टेबलावर यायचं. मला हे काम शिकवणारे सुरक्षा अधिकारी सतत खोकायचे, म्हणून सगळे त्यांना खोकलेसाहेब म्हणत. माझी पहिली नोंद वाचून त्यांनी कागद परत माझ्यापुढे टाकला होता. "बाई, रक्तापासून सुरुवात करू नका. रक्त सगळ्यांचं सारखंच असतं, त्यातून काही कळत नाही. त्याआधीची दहा मिनिटं लिहा. यंत्र काय करत होतं, हात काय करत होते, आवाज कसले होते. अपघात तिथं असतो. रक्त ही नुसती पावती."

त्यांच्या तक्त्यात सहा रकाने असत. वेळ. जागा. काय झालं. त्याआधीची दहा मिनिटं. चूक कुणाची. पुन्हा होऊ नये म्हणून काय करावं. हा सहावा रकाना मी हजारो वेळा भरला असेन. तो वाचून कुणी काही केल्याचं मला आठवत नाही.

आणि आता, स्वतःच्या घरात, मी रक्तापासून सुरुवात केली होती. मी ती चार पानं फाडली, पट्टी घेतली आणि सहा रकाने आखले.

पेल्याची नोंद आधी लिहिली. सकाळी साडेनऊ. स्वयंपाकघर. त्याआधीची दहा मिनिटं काही केल्या आठवेनात. मग आठवलं. मिक्सरचं भांडं अडकलं होतं. मी ते तळहातानं धाडधाड ठोकत होते, मग दोन बोटं आत घालून पातं फिरवून बघत होते. खांद्याचं काय? कपाटाचा खण अडकला होता, मी त्याला लाथा घातल्या, मग फटीत हात घातला. कोपर? लिफ्टचं दार एकसारखं आपटत होतं आणि पिशवी मधे अडकू नये म्हणून मी हात पुढे केला.

सातवी नोंद तर वही सुरू असतानाच झाली. वॉशिंग मशीनमध्ये चादर एका बाजूला गोळा झाली आणि यंत्र धप् धप् धप् करत जागेवरून सरकायला लागलं. मी झाकण उघडून हात आत घातला. मागून काही सणसणत आलं. पडद्याचा पितळी दांडा. पहिला फटका मनगटावर, हाड मोडल्याचा आवाज मी स्वच्छ ऐकला. दुसरा कोपराखाली. तिसरा चुकला आणि मशीनच्या पत्र्याला पोचा पडला. मी खाली कोसळले. हे माझ्या अंगावरून वाकले आणि यंत्राचं बटण बंद केलं. मला मारून बंद केलं, पण बंद केलं. स्वतःच्या शर्टाचं बटण लावता न येणाऱ्या माणसानं ते बटण पहिल्या झटक्यात शोधलं.

हात प्लास्टरमध्ये गेला. डावा होता म्हणून बरं. घरी येऊन उजव्या हातानं चौथा रकाना भरला आणि लेखणी खाली ठेवली. सातपैकी पाच वेळा काहीतरी धपधपत होतं, आणि माझा हात कशाच्या तरी आत होता.

कारखान्यात ह्यांना छडीमास्तर म्हणत. ते प्रेस शेडचे फोरमन होते. प्रेस म्हणजे मिनिटाला चाळीस वेळा खाली येणारा लोखंडी ठोकळा. खाली साचा, मधे पत्रा. दर ठोक्याला एक झाकण कापून पडायचं. काम करणाऱ्या मुलींनी पत्रा सरकवायचा आणि हात काढायचा. ह्यांच्या हातात जाड वेताची छडी असे. कुणाचा हात साच्याच्या रेषेपुढे गेला की छडी बसायची, आणि ती गंमत म्हणून बसायची नाही. मुलींच्या मनगटांवर वळ उठत, कुणाकुणाचं रक्त निघे. मुली त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. एकदा एकीचा भाऊ फाटकात त्यांना झोडपायला उभा राहिला. झोडपलंही. नाकातून रक्त पुसत हे त्याला म्हणाले, "सूज उतरते. बोट उगवत नाही." शेडमध्ये ते "हात!" असं ओरडले की सगळ्यांनी दोन्ही तळवे खांद्याएवढे वर करून दाखवायचे. ते बोटं मोजायचे. मग म्हणायचे, "चालू."

म्हणून तेराव्या वेळी मी ते करून बघितलं. बाहेर रस्त्यावर यंत्रानं खांब ठोकत होते. घरातली भांडी थरथरत होती, मी कुकरचं झाकण काढत होते, आणि हे इस्त्री उगारून दारात आलेले. पळायला जागा नव्हती. झाकण टाकलं आणि तळवे वर केले, प्लास्टरवाला जमेल तेवढा. इस्त्री डोक्याच्या वर थांबली. त्यांचे ओठ हलायला लागले. एक, दोन, तीन. प्लास्टरमधून बाहेर आलेली बोटंसुद्धा त्यांनी मोजली.

"दहा," ते म्हणाले. "चालू." आणि इस्त्री घेऊन निघून गेले.

मी फरशीवर बसून हसत सुटले. हसता हसता रडले. हा माणूस मला मारत नव्हता. माझी बोटं वाचवत होता. मला वाटलं, सापडलं. सहाव्या रकान्यात लिहिलं: धपधप आवाज बंद करावेत, तळवे दाखवावेत. आता डॉक्टरीणबाई त्यांना घरीच ठेवतील.

पण प्रत्येक अपघाताला एकच कारण मिळालं की खोकलेसाहेब कागद परत करायचे. "फार सुबक झालंय, बाई. पुन्हा बघा."

पुन्हा बघायची वेळ लगेच आली. पंधरावी नोंद. सकाळी दहा, जेवणाचं टेबल. घरात शांतता. कुठलंही यंत्र चालू नाही. मी वहीत लिहीत होते. हे मागून आले, माझे केस मुठीत धरले आणि तोंड टेबलावर आपटलं. एकदा, दोनदा. पुढचा दात वहीवर पडला. त्यांनी माझ्या हातातून पेन हिसकावलं आणि टोक माझ्या अंगठ्याच्या मुळाशी खुपसलं, तळव्यातून पलीकडच्या कागदापर्यंत. मी तसाच रक्ताळलेला हात वर केला, दुसराही केला. त्यांनी तळव्यांकडे बघितलंसुद्धा नाही.

"कुणासाठी लिहितेस?" ते किंचाळले. "कुणासाठी लिहितेस?"

जखम बांधून मी मागची पानं चाळली. आणखी दोन वेळा असंच झालं होतं, गळा आवळला तेव्हा आणि पाठीत लाथ बसली तेव्हा. दोन्ही वेळी त्याआधीच्या दहा मिनिटांत मी लिहायला बसले होते. वाण्याची यादी आणि मुलाला पत्र. पेन हे काही यंत्र नव्हे, म्हणून माझ्या ते ध्यानातच आलं नव्हतं.

आणि तो प्रश्न मी पूर्वी ऐकला होता.

पंचेचाळीस वर्षांपूर्वी प्रेस शेडमध्ये एक मुलगी होती. एकोणीस वर्षांची, अखंड बडबडायची, म्हणून तिला चिमणी म्हणत. माझ्या टेबलाशी येऊन म्हणायची, "बाई, तुमच्या वहीत माझं नाव कधी लिहाल? सगळ्यांचं आलं, माझंच राहिलं." मी म्हणायची, "तोंडाला अपघात झाला की लिहीन." हे तेव्हा फोरमन नव्हते, सेटर होते. प्रेसमध्ये साचे बसवायचं काम. प्रेसच्या तोंडाशी लोखंडी जाळी असे, हात आत जाऊ नये म्हणून. त्या आठवड्यात झाकणांची मागणी दुप्पट आली आणि व्यवस्थापक म्हणाला, जाळीमुळे हात मंदावतात, काढा. ह्यांनी स्वतःच्या पान्यानं चार बोल्ट सोडवले. सकाळी चहा पिताना त्यांनी मला ते सांगितलंही होतं. "मला पटत नाहीये," म्हणाले होते. मी म्हणाले होते, "साहेब सांगतायत ना?"

तिसऱ्या दिवशी चिमणीचा उजवा हात आत असताना ठोकळा खाली आला. किंकाळी माझ्या खोलीपर्यंत आली. मी धावत गेले तेव्हा प्रेस अजून चालूच होता आणि प्रत्येक ठोक्याला लाल शिंतोडे उडत होते. ह्यांनी पट्टा उपटून तो बंद केला. साच्यातून त्यांनी चार बोटं काढली. जवळ दुसरं काही नव्हतं म्हणून नव्या, चकचकीत झाकणात ठेवली आणि ते झाकण दोन्ही हातांनी धरून इस्पितळाच्या गाडीमागे पळाले. बोटं जोडता आली नाहीत.

संध्याकाळी व्यवस्थापक माझ्या टेबलाशी उभा होता. जाळी कुणी काढली हे लिहिलं असतं तर तो म्हणाला असता की सेटरनं आपल्या मनानं काढली. आमचा मुलगा दहा महिन्यांचा होता. मी लिहिलं: जाळी जागेवर होती. कामगारानं बाजूनं हात घातला. चूक: कामगाराचा निष्काळजीपणा.

ह्यांनी तो कागद वाचला. घरी आल्यावर विचारलं, "कुणासाठी लिहिलंस?"

"आपल्यासाठी."

त्यानंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही. चूक चिमणीची ठरली आणि तिला कामावरून काढलं. ती आपला डबा न्यायला एकदा आली. डाव्या हातानं डबा उचलत मला म्हणाली, "आलं बाई एकदाचं माझं नाव वहीत." मी मान वर केली नाही. पुढच्या महिन्यात ह्यांनी वेताची छडी विकत आणली. त्यांच्या शेडमध्ये पुन्हा कुणाचं बोट गेलं नाही.

हे सगळं आठवून मी गप्प बसून राहिले असते तर बरं झालं असतं. पण मला राग आला. असा राग मला आयुष्यात आला नव्हता. दोन दिवसांनी मी पुन्हा वही उघडली, त्यांनी मागून माझा कान पकडला, "कुणासाठी" म्हणाले, आणि माझ्या हाताला कुकरचं झाकण लागलं. ते मी त्यांच्या डोक्यात घातलं.

"पंचेचाळीस वर्षं तोंड शिवून बसलात," मी ओरडले, "आणि आता मारता? तेव्हा मारायचं होतं! तेव्हा फाडायचा होता कागद!" पुन्हा घातलं. त्यांचा कान फाटला. ते भिंतीशी सरकून खाली बसले, दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि "आई गं, नको" म्हणायला लागले. त्यांची आई जाऊन चाळीस वर्षं झाली. मी आणखी दोनदा मारलं. चार फटके झाले. शेवटचा त्यांच्या बोटांवर बसला, आणि बोटांवर बसलेलं बघून माझा हात थांबला.

सतरावी नोंद. चूक कुणाची? माझी.

ही नोंद लिहायची की नाही यावर मी एक अख्खी दुपार काढली. देवाशी माझं कधी फारसं जमलं नाही. कारखान्यात इतकं बघितलं होतं की वर कुणी बसून हे चालवतंय असं वाटेना. ह्यांचा आजार आल्यावर तर मी ठरवूनच टाकलं होतं की माणूस म्हणजे डोक्यातला एक कापसाचा गोळा, तो विरघळला की संपलं. पण त्या दुपारी हे कानाला पट्टी बांधून खुर्चीत डुलक्या घेत होते आणि मी त्यांच्याकडे बघत होते. या माणसाला स्वतःचं नाव येत नव्हतं. मुलगा ओळखू येत नव्हता, माझा चेहरा, न्हाणीघराची वाट, गिळायचं कसं हेसुद्धा अधूनमधून जात होतं. आणि कुणा परक्या पोरीची चार बोटं अजून तिथंच होती. माझं खोटंही तिथंच होतं. सगळं घर जळून खाक व्हावं आणि एक खांब उभा राहावा तसं. माणसात असं काही असतं जे आजाराला खाता येत नाही, हे मला कुणी पोथी वाचून सांगितलं असतं तर मी हसले असते. इथं तर माझा दात त्यासाठी पडला होता.

मी डोळे मिटले आणि कितीतरी वर्षांनी काहीतरी मागितलं. ह्यांना बरं कर असं नाही. मला नीट लिहू दे, एवढंच.

आधी सतरावी नोंद लिहिली. मग कोरं पान घेतलं आणि चिमणीचा अपघात लिहिला, सहाही रकाने. जाळी होती कुठे, कुणी काढायला लावली, कुणी काढली, कुणाला ठाऊक होतं. चूक: व्यवस्थापकाची, सेटरची आणि नोंद लिहिणारीची. कामगाराची चूक नाही. हे जागे झाल्यावर समोर बसून मोठ्यानं वाचून दाखवलं. ते खिडकीकडे बघत होते. सेटर या शब्दाला मान वळली. वाचून संपल्यावर मला म्हणाले, "बोटं किती?"

"चार."

"झाकणात ठेवलीत."

"हो. तुम्हीच ठेवलीत."

त्यानंतर त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला, असं लिहायला मला आवडलं असतं. फिरवला नाही. त्यांनी पान ओढून घेतलं, चुरगाळलं आणि तोंडात कोंबलं. घुसमटायला लागले. मी बोटं घालून तो लगदा बाहेर काढला तेव्हा ते मला हाडापर्यंत चावले. अठरावी नोंद. पान मी पुन्हा लिहून काढलं.

तीन आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंच्या खोलीत आधी मुलानं वही वाचली. सतराव्या नोंदीपाशी त्यानं माझ्याकडे बघितलं.

"आई, तू बाबांना मारलंस?"

"हो."

"कुकरच्या झाकणानं?"

"हो. चार वेळा."

त्यानं पान उलटलं. चिमणीचं पान आलं तेव्हा त्यानं ते दोनदा वाचलं. मग अगदी हळू म्हणाला, "म्हणजे मी ज्यावर वाढलो ते हे."

"हेच."

त्यानं वही डॉक्टरीणबाईंपुढे सरकवली आणि बाहेर जाऊन बापाशेजारी बसला. काचेतून मला दिसत होतं. ह्यांनी त्याच्या मांडीवर एक सणसणीत बुक्की मारली. तो उठला नाही.

डॉक्टरीणबाईंनी सगळी वही वाचली. पाऊण तास लागला. मग म्हणाल्या, "आजी, सोळाव्या नोंदीपर्यंत मी तुम्हाला म्हणणार होते की आवाज बंद करा, मदतीला माणूस ठेवा आणि यांना घरीच ठेवा. पण आता तुमच्यापासून त्यांना आणि त्यांच्यापासून तुम्हाला जपायला हवं. मी त्यांना घरी पाठवू शकत नाही."

"मला माहीत होतं."

"मग ती नोंद का लिहिलीत?"

"एकदा ह्यांना वाचवायला मी खोटं लिहिलं होतं. ते ह्यांना आयुष्यभर पुरलं. पुन्हा नाही."

त्यांना घरी न्यायची माझी शेवटची आशा मी माझ्याच हातानं त्या वहीत गाडली होती. पण एक गोष्ट मी मागितली. वही वॉर्डात द्या. नुसती फायलीला लावू नका, जे लोक ह्यांच्याजवळ जाणार त्यांना वाचू द्या.

वॉर्डाची मेट्रन भारदस्त बाई. तिनं चष्मा नाकावर ओढून उभ्या उभ्याच वाचायला सुरुवात केली आणि तेराव्या नोंदीपाशी खुर्ची ओढली. वाचून झाल्यावर विचारलं, "यांचा पलंग कुठल्या भिंतीला लागून आहे?"

"धुलाईखान्याच्या," परिचारक म्हणाला. त्याचे कानाजवळचे केस पिकलेले होते.

"म्हणजे सकाळपासून तेच धप् धप्. पलंग खिडकीकडे घ्या. आणि आजी, लिहिणारं माणूस दिसलं की हे बिथरतात ना? आम्ही तपासणीचे कागद बाहेर लिहू."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. एकतीस वर्षांत माझं लिहिलेलं वाचून कुणी एक खुर्चीसुद्धा हलवली नव्हती.

पट्टे पलंगालाच होते, मोकळे लोंबत.

चौथ्या दिवशी ह्यांनी त्या परिचारकाचा जबडा फोडला. दोन तास बांधलं होतं. मी गेले तेव्हा मनगटांवर लाल कडी उमटलेली होती. परिचारक गालाला बर्फ लावून बसला होता. मला बघून उठला. मला वाटलं, आता हा मला चार शब्द सुनावणार.

"आजी," तो सुजलेल्या तोंडानं म्हणाला, "दहा मिनिटं आधीचं लिहून ठेवलंय. औषधांची गाडी दाराच्या पट्टीवरून दणकन आदळली. दर फेरीला आदळते. आमच्या कानाला सवय झालीय, त्यामुळे कळलंच नाही."

दुसऱ्या दिवशी दाराच्या त्या पट्टीवर रबर ठोकलेलं होतं. गाडी आत आली ती आवाज न करता. ह्यांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं आणि नजर पुन्हा खिडकीकडे वळवली.

आता मी रोज अकराला जाते. आधी पट्ट्यांना हात लावून बघते, ढिले आहेत ना. मग बसते.